आतले खडकाळ ग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतले खडकाळ ग्रह कोणते? त्यांनाच अंतर्ग्रह म्हणतात का?

सूर्यापासून निघाल्यावर लघुग्रहांच्या पट्ट्याच्या अलीकडे लागणारे बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चार ग्रह म्हणजे आतले खडकाळ ग्रह होत. त्यांना पार्थिव ग्रह असेही म्हणतात. ‘अंतर्ग्रह’ हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण खगोलशास्त्रात तो पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरणाऱ्या बुध आणि शुक्र या दोघांपुरताच आहे; त्या हिशेबाने मंगळ बहिर्ग्रह ठरतो. आपला चंद्र ग्रह नसला तरी घडणीने याच कुळातला आहे, त्यामुळे पुढे त्याचा उल्लेख येईल.

हे चारच ग्रह खडकाळ का झाले?

सुमारे ४.५ अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत होती. सूर्याजवळच्या भागात उष्णता इतकी होती की पाणी, अमोनिया, मिथेन यांचा बर्फ तेथे टिकू शकत नव्हता. घनरूपात राहिले ते लोह, निकेल आणि सिलिकेट खनिजे. हा माल एकूण चकतीचा अगदी थोडा अंश असल्यामुळे त्यातून घडलेले गोळे लहानच राहिले, आणि हायड्रोजन व हेलियम धरून ठेवण्याइतके गुरुत्व त्यांच्याकडे आले नाही.

एकाच मालापासून घडलेले हे ग्रह मग एकमेकांपासून इतके वेगळे कसे?

या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. सूर्यापासूनचे अंतर हे उत्तर लगेच सुचते, पण ते अपुरे आहे. ग्रहाचा आकार आणि त्यावर अवलंबून असलेली अंतर्गत उष्णता यांना निदान तेवढेच महत्त्व द्यावे लागते. लहान गोळ्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून तो लवकर निवतो. बुधाचा व्यास ४,८७९ किमी, मंगळाचा सुमारे ६,७८० किमी, शुक्राचा १२,१०४ किमी आणि पृथ्वीचा सुमारे १२,७४२ किमी आहे. बुध आणि मंगळ यांच्या अंगातली धग बरीच लवकर ओसरली, तर पृथ्वीची अजून शाबूत आहे. ज्वालामुखी, भूपट्टांची हालचाल आणि चुंबकीय क्षेत्र ही सारी त्याच धगीची कामे आहेत. शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढाच असूनही त्याची वाट वेगळी का झाली, हे मात्र आकाराने सुटत नाही. त्यासाठी हवा आणि पाणी यांचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो पुढे मांडला आहे.

ग्रहाच्या पोटात काय आहे हे न खोदता कसे कळते?

पहिली खूण घनतेची. ग्रहाजवळून जाणाऱ्या यानाचा मार्ग किती वळतो यावरून ग्रहाचे वस्तुमान मिळते आणि ते आकारमानाने भागले की सरासरी घनता हाती येते. पृथ्वीची घनता दर घन सेंटिमीटरला ५.५१ ग्रॅम, बुधाची ५.४३, शुक्राची ५.२४ आणि मंगळाची ३.९३ आहे. साधा खडक ३ ग्रॅमच्या आसपास असतो, तेव्हा चारही ग्रहांच्या पोटात लोहासारखे जड काहीतरी असणारच.

दुसरी खूण ग्रहाच्या डुलण्याची. कच्चे आणि उकडलेले अंडे फिरवून पाहिले तर दोन्ही वेगळी फिरतात, कारण कच्च्या अंड्यातला द्रव कवचाबरोबर लगेच फिरत नाही. पृथ्वीवरून बुधावर रडार लहरी सोडून त्याच्या परिवलनातले बारीक हेलकावे मोजले गेले, आणि त्याच्या गाभ्याचा निदान बाहेरचा भाग द्रवरूप असल्याचे २००७ मध्ये त्यावरूनच दिसून आले.

तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण कंपनांची. भूकंपाच्या लहरी कोठे वळतात, कोठे अडतात आणि कोठून परततात यावरून पृथ्वीच्या आतले थर उलगडले. द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असल्याचे डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये याच पद्धतीने दाखवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘इनसाइट’ यानाने तेथे भूकंपमापी ठेवला आणि २०२२ अखेरपर्यंत १,३०० हून अधिक कंपने टिपली. त्यांतले सर्वांत मोठे, ४.७ तीव्रतेचे, ४ मे २०२२ रोजी झाले. मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या आधी सुमारे १,८३० किमी मानली गेली होती. पुढे, गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा थर आहे असे धरून केलेल्या फेरमांडणीत ती १,६५० ते १,६७५ किमीपर्यंत खाली आली. बुध आणि शुक्र यांच्याबाबत अशी दीर्घकालीन कंपननोंद अद्याप मिळालेली नाही, त्यामुळे त्यांच्या अंतरंगाविषयीची विधाने वाचताना थोडी सावधगिरी ठेवावी.

बुध इतका लहान असूनही इतका जड कसा?

पृथ्वीची घनता अधिक दिसते ती बऱ्याच अंशी तिच्या स्वतःच्या वजनाने आतला माल दाबला गेल्यामुळे. हा दाब वगळून हिशेब केला तर बुध पृथ्वीच्या पुढे जातो. त्याची एकूण त्रिज्या सुमारे २,४४० किमी आहे आणि त्यातली २,००० किमीहून अधिक लोहप्रधान गाभ्याने व्यापलेली आहे. वरचे खडकाळ आवरण फळाच्या सालीसारखे पातळ आहे. एखाद्या प्रचंड धडकेत बुधाचे मूळ प्रावरण, म्हणजे गाभ्यावरचा खडकाचा जाड थर, उडून गेले असावे, अशी एक कल्पना बराच काळ मांडली जात होती. मात्र बुधाभोवती फिरलेल्या ‘मेसेंजर’ यानाला पृष्ठभागावर पोटॅशियम आणि गंधकासारखी, उष्णतेने सहज उडून जाणारी मूलद्रव्ये अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आढळली, आणि तेव्हापासून एकाच प्रचंड धडकेची गोष्ट पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही.

हा गाभा निवताना आकसला आणि त्याबरोबर अख्खा ग्रह आकसला. वाळलेल्या फळाच्या सालीवर सुरकुत्या पडाव्यात तसे शेकडो किलोमीटर लांबीचे उभे कडे बुधाच्या पृष्ठभागावर आहेत, आणि त्यांच्या मोजणीवरून ग्रहाची त्रिज्या सुमारे ७ किमीपर्यंत घटल्याचा अंदाज आहे. तरीही बुधाला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. ते पृथ्वीच्या सुमारे एक टक्का इतकेच असले, तरी त्याहून मोठ्या शुक्राला आणि मंगळाला आज तेवढेही नाही.

बुधावर आणि मंगळावर माणसाचे वजन सारखेच भरेल, हे खरे आहे का?

होय, जवळजवळ सारखेच. दोन्हीकडे पृष्ठभागावरचा गुरुत्व त्वरण सुमारे ३.७ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. मंगळ मोठा आहे, पण बुध दाट आहे.

बुधावर बर्फ असणे शक्य आहे का?

आहे. दुपारी सुमारे ४३० अंश सेल्सिअस आणि रात्री उणे १८० अंशांपर्यंत, असे बुधाचे तापमान हेलकावते, कारण उष्णता वाटून देणारी हवा तेथे जवळजवळ नाही. शिवाय बुधाचा अक्ष त्याच्या कक्षेवर जवळजवळ सरळ उभा असल्याने ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. १९९१ मध्ये रडारने त्या विवरांत चमकणारे भाग पाहिले, आणि २०१२ मध्ये ‘मेसेंजर’च्या मोजमापांनी तो पाण्याचाच बर्फ असल्याला बळकटी दिली.

बुध इतका जवळ असूनही तेथे पोहोचायला इतकी वर्षे का लागतात?

सूर्याच्या दिशेने जाणारे यान सूर्याच्या ओढीने वेग घेत राहते, त्यामुळे येथे अडचण वेग मिळवण्याची नसून वेग मारण्याची असते. बुधाला हवा नसल्याने हवेच्या घर्षणाचाही उपयोग नाही, आणि सगळे काम इंधनावर सोपवले तर यान उचलणेच अशक्य होईल. म्हणून वाटेतल्या ग्रहांजवळून पुन्हा पुन्हा जाऊन त्यांच्या गुरुत्वाने वेग कमी करून घ्यावा लागतो. या प्रवासाचा मूळ धागा इटलीचे गणिती ज्युझेप्पे कोलंबो यांच्याकडे जातो. ‘मरीनर १०’ बुधाजवळून एकदाच न जाता पुन्हा पुन्हा जाऊ शकेल, हे त्यांनी सुचवले, आणि १९७४-७५ मध्ये ते यान तीनदा जवळून गेले. तरी बुधाचा निम्म्याहून कमी भागच त्याला टिपता आला. ऑगस्ट २००४ मध्ये निघालेले ‘मेसेंजर’ पृथ्वी, शुक्र आणि बुध यांच्याजवळून मिळून सहा फेऱ्या करून मार्च २०११ मध्ये बुधाच्या कक्षेत शिरले आणि ३० एप्रिल २०१५ रोजी इंधन संपल्यावर पृष्ठभागावर आदळले.

बुधाचे परिवलन सूर्याशी कुलूपबंद नाही, तर तीनास दोन अशा प्रमाणात बांधलेले आहे, हेही कोलंबो यांनीच ओळखले. पूर्वी बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते असे समजले जाई. १९६५ मध्ये पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो वेधशाळेच्या रडारने त्याचे परिवलन सुमारे ५९ दिवसांचे असल्याचे दाखवले आणि पाठ्यपुस्तके बदलावी लागली. सूर्याभोवती दोन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात बुध स्वतःभोवती तीनदा फिरतो, त्यामुळे तेथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीचे १७६ दिवस, म्हणजेच बुधाची दोन वर्षे जातात.

सूर्याच्या अधिक जवळ बुध असताना शुक्र सर्वांत तप्त का?

शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असून दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त असा त्यात फारसा भेद पडत नाही. विशेष म्हणजे शुक्राचे ढग सुमारे तीन चतुर्थांश सूर्यप्रकाश परतवून लावतात, त्यामुळे सूर्याच्या अधिक जवळ असूनही शुक्र प्रत्यक्षात पृथ्वीपेक्षा कमी ऊर्जा शोषतो. म्हणजे भट्टी पेटली आहे ती मिळणाऱ्या उष्णतेने नव्हे, तर बाहेर जाऊ न शकणाऱ्या उष्णतेने. हवेत ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे, पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त आहे, म्हणजे समुद्रात सुमारे ९०० मीटर खोल जाणवेल तेवढा, आणि वर सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांचे ढग आहेत.

कार्बन पृथ्वीवरही साधारण तितकाच आहे; फरक इतकाच की येथे पाण्याच्या मदतीने तो चुनखडीसारख्या खडकांत बंद झाला. शुक्रावरचे पाणी टिकले नाही. वाफ वरच्या थरात गेली, सूर्याच्या अतिनील किरणांनी तिचे रेणू फुटले आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. १९७८ च्या ‘पायोनियर व्हीनस’ मोहिमेत शुक्राच्या हवेत जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्युटेरियमचे, प्रमाण पृथ्वीच्या मानाने शंभरपटीहून अधिक आढळले. हलका हायड्रोजन निघून गेला आणि जड मागे उरला, याची ती खूण मानली जाते. ते पाणी कधी समुद्रांच्या रूपात होते की सुरुवातीपासून वाफेतच राहिले, यावर मतभेद आहेत.

शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा आहे का?

स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला शुक्राला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांत होते, म्हणून तसे म्हणता येते. मात्र तो उलट दिशेने फिरत असल्यामुळे दोन सूर्योदयांमधले अंतर सुमारे ११७ दिवसांचेच पडते, आणि सूर्य पश्चिमेला उगवतो. जमीन अशी रेंगाळत असताना वरचे ढग मात्र चारेक दिवसांत ग्रहाला फेरी घालतात.

शुक्रावर उतरलेल्या यानांचे काय झाले?

तेथे कोणतेही यान काही ताससुद्धा टिकलेले नाही, तरी ग्रहसंशोधनातली ही बाजू सर्वांत कमी गौरवली गेलेली आहे असे आम्हांला वाटते. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचे ‘मरीनर २’ शुक्राजवळून गेले आणि दुसऱ्या ग्रहाजवळून यशस्वीपणे मोजमापे पाठवणारे ते पहिले यान ठरले. पृष्ठभाग भाजून काढणारा आहे हे त्याच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. सोव्हिएत संघाच्या ‘व्हेनेरा ४’ने ऑक्टोबर १९६७ मध्ये शुक्राच्या हवेत उतरत असताना तिचे थेट मोजमाप केले, पण जमिनीपासून बऱ्याच उंचीवर असतानाच ते गप्प झाले.

१५ डिसेंबर १९७० रोजी ‘व्हेनेरा ७’ पृष्ठभागावर पोहोचले. हवाई छत्रीत बिघाड होऊन ते जोरात आपटले आणि बहुधा आडवे झाले. संदेश बंद पडला असेच आधी वाटले, परंतु ध्वनिमुद्रित नोंदी पुन्हा तपासल्यावर गोंगाटाखाली २३ मिनिटांचा क्षीण संदेश सापडला. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये ‘व्हेनेरा ९’ने पृष्ठभागाचे पहिले छायाचित्र पाठवले, आणि १ मार्च १९८२ रोजी उतरलेल्या ‘व्हेनेरा १३’ने अर्धा तास टिकण्याची अपेक्षा असताना १२७ मिनिटे काम करून रंगीत चित्रे दिली. नारिंगी उजेडात पसरलेल्या सपाट, थराथरांच्या खडकांची ती चित्रे आजही शुक्राच्या जमिनीविषयीचा आपला मोठा ठेवा आहेत. १९८५ मध्ये ‘व्हेगा’ यानांनी सोडलेले दोन फुगे सुमारे ५४ किमी उंचीवर दोन दिवसांच्या आसपास तरंगले. त्या उंचीवर दाब आणि तापमान पृथ्वीवरल्यासारखे सुसह्य असते, आम्ल सोडले तर.

ढगांआडच्या शुक्राचा नकाशा कसा काढला? तेथे आजही ज्वालामुखी जागे आहेत का?

रडार लहरी ढगांतून आरपार जातात. १९९० ते १९९४ या काळात ‘मॅगेलन’ यानाने रडारने शुक्राचा ९८ टक्के पृष्ठभाग टिपला आणि लाव्हाची विस्तीर्ण मैदाने, हजारो ज्वालामुखी व सुमारे ११ किमी उंचीचे मॅक्सवेल पर्वत दाखवले. मॅक्सवेल हे पुरुषाचे नाव तेथे अपवादाने आहे. शुक्रावरच्या ठिकाणांना स्त्रियांची आणि देवतांची नावे देण्याचा नियम आहे, आणि तेथील एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आहे. ‘मॅगेलन’ची जुनी चित्रे नव्याने तपासताना, माट मॉन्स या ज्वालामुखीचे एक मुख १९९१ मध्ये आठ महिन्यांच्या अवधीत रुंद झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शुक्राची अंतर्गत धग अजून काम करत आहे, याचा हा चांगला पुरावा आहे.

एखादा पृष्ठभाग जुना की नवा, हे कशावरून ठरवतात?

विवरे मोजून. आघात होतच राहतात, त्यामुळे ज्या जमिनीवर विवरे दाट ती जुनी. पण दाटीचे वर्षांत रूपांतर करायला एक खात्रीचे माप लागते, आणि ते चंद्राने दिले: १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो खडकमातीचे वय प्रयोगशाळेत मोजता आले, आणि ते ज्या जागेचे होते तेथील विवरांशी जुळवता आले. शुक्रावर अवघी हजाराच्या आसपास विवरे आहेत, म्हणून त्याचा पृष्ठभाग बहुधा ३० ते ७० कोटी वर्षांचाच समजला जातो. बुध आणि मंगळाचा दक्षिण भाग त्या मानाने पुराणपुरुष आहेत.

मंगळाची हवा कोठे गेली?

मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या खाली असते. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानाला दक्षिणेकडच्या जुन्या खडकांत चुंबकत्वाचे ठसे सापडले, म्हणजे ग्रहाला एके काळी चुंबकीय क्षेत्र होते, सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी ते मावळले. २०१४ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मेवेन’ यानाने सौर वाऱ्याबरोबर, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताबरोबर, हवा आजही निसटताना मोजली, आणि आर्गॉन वायूच्या हलक्या आणि जड प्रकारांच्या (समस्थानिकांच्या) प्रमाणावरून तो वायू सुमारे ६५ टक्के गेला असल्याचा हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला. चुंबकीय कवच नसले की हवा जाते, असे सरधोपट विधान मात्र करू नये. शुक्रालाही असे कवच नाही आणि त्याची हवा सर्वांत दाट आहे. मंगळाचे कमी गुरुत्व आणि निवालेले ज्वालामुखी, ज्यांनी नव्या वायूंची भर घालणे जवळजवळ थांबवले, यांचाही वाटा मोठा आहे.

एवढ्याशा मंगळावर सर्वांत उंच ज्वालामुखी कसा?

ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किमी उंच आणि पायथ्याशी ६०० किमी रुंद आहे. पृथ्वीवर भूपट्ट सरकत असल्याने खालचा लाव्हाचा स्रोत एका जागी असला तरी वर ज्वालामुखींची रांग तयार होते. मंगळाचे कवच सरकत नाही. एकाच जागी थरावर थर चढत गेले.

मंगळावर पाणी होते आणि जीवसृष्टी होती, यांतले नेमके काय सिद्ध झाले आहे?

पाण्याबाबत शंका उरलेली नाही. जुलै १९६५ मध्ये ‘मरीनर ४’ने पाठवलेल्या २१ चित्रांत केवळ विवरे दिसली आणि मोठा विरस झाला होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये कक्षेत पोहोचलेल्या ‘मरीनर ९’ला आधी ग्रहव्यापी धुळीचे वादळ बसण्याची वाट पाहावी लागली, पण धूळ निवळल्यावर सुकलेल्या नद्यांची पात्रे आणि सुमारे ४,००० किमी लांबीची दरी समोर आली. ‘अपॉर्च्युनिटी’ या फिरत्या गाडीला २००४ मध्ये पाण्यात घडणाऱ्या हेमॅटाइट या लोहखनिजाच्या गोळ्या सापडल्या, ‘फिनिक्स’ने २००८ मध्ये मातीखालचा बर्फ उघडा केला, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ला जुन्या सरोवराच्या तळाचा चिखलखडक मिळाला, ज्यात सूक्ष्मजीवांना मानवले असते असे फारसे खारट वा आम्लधर्मी नसलेले पाणी होते.

जीवसृष्टीबाबत तसे म्हणता येत नाही. १९७६ मध्ये ‘व्हायकिंग’ यानांच्या एका प्रयोगाने आशा दाखवली, पण मातीत सेंद्रिय द्रव्ये स्पष्टपणे न आढळल्याने तो निकाल रासायनिक क्रियांचाच मानला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरातल्या प्राचीन त्रिभुज प्रदेशाजवळ उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीला २०२४ मध्ये ठिपक्यांचा एक खडक सापडला, असे ठिपके सूक्ष्मजीवांमुळे उमटू शकतात, तसेच त्यांच्याविनाही उमटू शकतात. त्याचा नमुना नळीत बंद आहे, आणि तो पृथ्वीवर आल्याशिवाय निकाल लागणार नाही.

मंगळावर उतरणे इतके अवघड का मानतात?

तेथील हवा यानाला तापवण्याइतकी आहे, पण थांबवण्याइतकी नाही. म्हणून उष्णतारोधक ढाल, छत्री आणि शेवटी अग्निबाण असे टप्पे जुळवावे लागतात, आणि संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटे लागत असल्याने सारे निर्णय यानाने स्वतःच घ्यायचे असतात. कक्षेत जाणेही सोपे नाही. भारताच्या मंगळयानाने २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते पहिल्याच प्रयत्नात साधले आणि सहा महिन्यांसाठी योजलेले यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिले.

पृथ्वीच्या सर्वांत जवळचा ग्रह कोणता?

सर्वांत जवळ येतो तो शुक्र, सुमारे ४ कोटी किमीपर्यंत. पण तो सूर्यापलीकडे गेला की फार दूर असतो. दीर्घकाळाची सरासरी काढली तर हा मान बुधाकडे जातो.

यापुढे कोणत्या मोहिमा अपेक्षित आहेत?

ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालेले युरोप आणि जपान यांचे ‘बेपीकोलंबो’ हे यान, कोलंबो यांचेच टोपणनाव घेऊन, नऊ ग्रहभेटी आटोपून बुधाकडे जात आहे. मूळ वेळापत्रकाप्रमाणे ते डिसेंबर २०२५ मध्ये पोहोचायचे होते, परंतु प्रणोदकांना, म्हणजे यान ढकलणाऱ्या इंजिनांना, पुरेशी वीज मिळत नसल्याने मार्ग बदलावा लागला आणि कक्षेत शिरण्याची वेळ नोव्हेंबर २०२६ अशी ठरली. त्यातील दोन उपग्रह तेथे वेगळे होतील. एक पृष्ठभाग आणि अंतरंग पाहील, दुसरा चुंबकीय क्षेत्र. शुक्रासाठी नासाने ‘डाविंची’ आणि ‘व्हेरिटास’, युरोपने ‘एन्व्हिजन’ निवडले आहे, आणि भारताच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. यांपैकी ‘डाविंची’ची कुपी हवेत उतरत थेट जमिनीपर्यंत जाणार आहे, आपटल्यावरही ती चालू राहिली तर काही मिनिटांची मोजमापे जास्तीची मिळतील, पण योजना त्यावर बेतलेली नाही.